फॉन्तेनब्लोच्या दगडांवर महिनाभर

बेलापूरला, मुंब्र्याला किंवा पुण्यातल्या एखाद्या इनडोअर वॉलवर नियमित भेटणाऱ्या गटात कधी ना कधी कोणीतरी म्हणतंच, ‘एकदा फाँटला जाऊन येऊ या.’ नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ साली बोल्डरिंगच्या विश्वचषकाच्या फेऱ्या झाल्या. बाहेरच्या खेळाडूंचं पायकाम अनेकांनी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिलं आणि हंपीच्या पलीकडचे दगड डोक्यात घोळू लागले. पॅरिसच्या दक्षिणेला साठ-सत्तर किलोमीटरवरचं फॉन्तेनब्लोचं जंगल, म्हणजेच फाँट, ही परदेशातल्या पहिल्या लांब सहलीसाठी माझ्या मते सर्वांत शहाणी निवड आहे. दगड अगणित, बहुतेक ठिकाणी गाडीतळापासून पाच ते वीस मिनिटांची चाल आणि पहिल्यांदा चढणाऱ्यापासून जगज्जेत्यापर्यंत प्रत्येकाला पुरेल एवढं काम.

आठवडाभराची सहल कशीही निभावते. बोटं सोलली, पाऊस लागला, कोणाशी वाजलं, तरी तोवर परतीचं विमान आलेलं असतं. चार आठवड्यांत मात्र या तिन्ही गोष्टी होणार, बहुधा एकापेक्षा जास्त वेळा. म्हणून कुठला दगड कधी करायचा ते नंतर ठरवा, न चढण्याचे दिवस आधी ठरवा. दोन दिवस चढाई आणि एक दिवस विश्रांती असं धरलं तर २८ दिवसांत १८-१९ दिवस उरतात. त्यातून पाऊस, प्रवास आणि सुजलेली बोटं वजा करा. खऱ्या चढाईचे १२ ते १४ दिवस हाती लागले तर सहल उत्तम झाली असं समजायचं. हा हिशेब निघण्यापूर्वी सगळ्यांनी एकत्र बसून मान्य केला की पुढची निम्मी कुरकुर आपोआप टळते.

मोसम म्हणाल तर मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. उन्हाळ्यात जंगल सुंदर दिसतं, पण गरम दगडावर घामेजलेला हात टिकत नाही. कोरडी हवा आणि पाच-दहा अंश तापमान असताना जे होल्ड हाताला चिकटतात, तेच जुलैत साबणासारखे सुटतात. डिसेंबर-जानेवारीत घर्षण झकास असतं, पण दिवस आठ तासांचा आणि आठवडाभर दगड न सुकण्याची शक्यता मोठी. उजेडाचा फरकही लक्षात घ्या. एप्रिलच्या मध्यावर संध्याकाळी साडेआठपर्यंत दिसतं, नोव्हेंबरच्या मध्यावर पाचलाच सूर्य मावळतो. आपल्याकडच्या सुट्ट्यांमुळे मे महिन्याचा मोह होतो. मात्र फ्रान्समध्येही मे महिन्यात सुट्ट्यांची रांग असते आणि लोकप्रिय ठिकाणी पॅड टाकायला जागा मिळत नाही. ईस्टरच्या आठवड्यातही तीच कथा, कारण तेव्हा अर्धा युरोप इथे उतरतो.

शेंगेन व्हिसाचं काम कंटाळवाणं आहे, म्हणून ते एकाच मित्रावर ढकललं जातं. तसं करू नका. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं आणि पोचण्याचा व निघण्याचा दिवसही त्यात मोजला जातो. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पंधरा दिवसांवर विसंबून राहणं म्हणजे जुगार. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. शेवटच्या आठवड्यात स्वित्झर्लंडला जायचा बेत असला तरी जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडेच अर्ज करायचा. गटांचं घोडं बहुतेक वेळा एका साध्या ठिकाणी अडतं. घर एकाच्या नावावर आरक्षित असतं आणि बाकीच्यांकडे राहण्याचा पुरावाच नसतो. घरमालकाकडून सगळ्यांची पासपोर्टवरची नावं असलेलं पत्र मागून घ्या.

विम्याची अट किमान ३०,००० युरोची आहे. त्या आकड्यावर समाधान मानू नका, पॉलिसीतला वगळलेल्या गोष्टींचा भाग वाचा. स्वस्त प्रवासी विम्यांत प्रस्तरारोहण बहुधा वगळलेलं असतं. काही पॉलिसींत दोर लावून केलेली चढाई चालते आणि दोराशिवायची चालत नाही. बोल्डरिंगमध्ये दोर नसतोच, तेव्हा हा प्रश्न कंपनीला स्पष्ट विचारा आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्या. मोडलेला घोटा हा या खेळातला सर्वांत नेहमीचा अपघात आहे आणि परदेशातली शस्त्रक्रिया सगळ्या गटाची बचत एका दुपारी संपवू शकते.

गट किती जणांचा असावा? चार ते सहा. तिघांत एक जण नेहमी एकटा पडतो. सातव्यासाठी दुसरी गाडी लागते आणि मग रोज सकाळचा अर्धा तास कोण कोणत्या गाडीत यातच जातो. ग्रेड सारखे असण्यापेक्षा अपेक्षा सारख्या असणं महत्त्वाचं. एकाला महिनाभर एकाच ७ए प्रॉब्लेमवर डोकं आपटायचंय, दुसरीला रोज नवा भाग बघायचाय, तिसऱ्याची बायको चढत नाही पण पॅरिस बघायचं म्हणून येतेय. हे सगळं चालू शकतं. फक्त ते तिकीट काढण्याआधी टेबलावर यायला हवं. मला पटलेली व्यवस्था अशी: चढाईच्या प्रत्येक दिवशी जागा एकाने निवडायची आणि दुसऱ्या वेळी दुसऱ्याने. ज्याची पाळी नसेल त्याने त्या दिवशी तोंड वाकडं करायचं नाही. आठवड्यातला एक दिवस मात्र ज्याचा तो. कोणी कोणाला ‘कुठे चाललास’ विचारायचं नाही.

पैशाच्या बाबतीत घरभाडं, गाडी, पेट्रोल, पॅड आणि किराणा समाईक, बाकी सगळं टीटीएमएम. समाईक खर्च फोनवरच्या ॲपमध्ये त्याच संध्याकाळी टाका. आठवड्यानंतर कोणालाच आठवत नाही की चीज कोणी आणलं होतं, आणि चार युरोवरून मनं खट्टू होतात. जो ड्रायव्हिंग करतो तो बिअर घेत नाही आणि दमलेला असूनही घरी तोच आणतो. त्याच्याकडून स्वयंपाकाची पाळी घेऊ नये, एवढा न्याय करावा.

राहण्यासाठी जंगलाच्या पश्चिमेला मियी-ला-फोरे किंवा दक्षिणेला नमूरच्या आसपासच्या गावांतलं जीत घ्या. जीत म्हणजे स्वयंपाकघरासकट भाड्याचं घर, साधारण शनिवार ते शनिवार मिळणारं. चादरी-टॉवेल आणि शेवटची साफसफाई भाड्यात असतेच असं नाही, ते विचारून घ्या. जंगलात तंबू ठोकून राहण्याचा रोमँटिक विचार सोडून द्या. तिथे मुक्काम करायला आणि चूल पेटवायला मनाई आहे. पॅरिसच्या गार द लियाँ स्थानकावरून फॉन्तेनब्लो-आव्हाँला रेल्वेने पाऊण तासाच्या आत पोचता येतं, पण तिथून पुढे दगडांकडे जाणारी बस सापडणं कठीण. महिनाभरासाठी गाडी हवीच.

आंतरराष्ट्रीय परवाना आपल्याकडे आरटीओतून मिळतो, तो दोघांनी तरी काढावा. फ्रान्समध्ये गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतो तो छोट्या गावांतला नियम: चौकात काही खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो गल्लीतून का येईना. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आधीच सांगा, नाहीतर गिअरवाली हातात येते आणि गिअर उजव्या हाताला. जंगलातल्या गाडीतळांवर काचा फोडून चोऱ्या होतात, ही तिथली सर्वपरिचित गोष्ट आहे. गाडीत काहीही ठेवू नका, डिकीतसुद्धा. पासपोर्ट, पाकीट, फोन अंगावर, बाकी घरी.

आता सामान. क्रॅश पॅड इथून न्यायचा विचार बहुतेक सगळे करतात आणि विमानतळावर दंड भरतात. चेक-इन बॅगेची नेहमीची मर्यादा लांबी, रुंदी, जाडी मिळून १५८ सेंटिमीटर असते. घडी केलेला मोठा पॅड सहज दोनशेच्या वर जातो. फॉन्तेनब्लो परिसरात पॅड आठवड्याच्या भाड्याने मिळतात, आगाऊ आरक्षित करा. पाच जणांना तीन मोठे आणि एक पातळ पुरे. बूट दोन जोड: एक मऊ, एक थोडा कडक. सोल झिजला असेल तर निघायच्या महिनाभर आधी बदलून घ्या, म्हणजे नवा रबर इथेच मुरतो. चॉक कंपनीच्या बंद पाकिटात न्या. साध्या पिशवीतली पांढरी पूड बघून सुरक्षा कर्मचाऱ्याने प्रश्न विचारले तर दोष त्याचा नाही. आणि घरून एक छोटं पायपुसणं न्या. हे गमतीने म्हणत नाही. तिथे दगडांच्या पायथ्याशी बारीक पांढरी वाळू असते. वाळूने माखलेला बूट दगडावर घासला की घर्षणही जातं आणि दगडही झिजतो. जुने चढाईपटू प्रत्येक चढाईआधी तळवे पुसताना दिसतील.

खाण्याचं सामान नेताना युरोपीय संघाचा नियम ध्यानात ठेवा: बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे आईने प्रेमाने भरून दिलेला तुपाचा डबा घरीच राहणार. ताजा कढीपत्ता, मिरच्या, आंबेही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. गोडा मसाला, मेतकूट, कोरड्या चटण्या बिनघोर न्या. तूप तिथल्या लोण्याचं घरी कढवता येतं आणि फार चांगलं होतं. छोटा कुकर न्यायचा तर स्टीलचा न्या. बऱ्याच जीतमध्ये इंडक्शनची शेगडी असते आणि त्यावर ॲल्युमिनियमचा साधा कुकर तापतच नाही. छोट्या गावांतली दुकानं रविवारी दुपारनंतर बंद, तेव्हा किराणा शनिवारी.

दगडाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण तिथे आपल्याकडचा चांगला चढाईपटूही पहिल्या आठवड्यात हिरमुसतो. फॉन्तेनब्लोचा वालुकाश्म जवळजवळ निव्वळ क्वार्ट्झच्या वाळूचा, सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रकाठचा. सह्याद्रीच्या बेसाल्टला कडा असतात, कपारी असतात, धरलं की धरलं. हंपीचा ग्रॅनाइट खरखरीत, स्फटिक पायाला आधार देतात. इथे मात्र माथे गोल, पकड म्हणजे तळहाताचा दाब आणि पाय ठेवायची जागा अनेकदा दिसतच नाही, ती विश्वासाने मानावी लागते. जिममध्ये ७ए करणारा माणूस इथे ५ सीच्या माथ्यावर पोट टेकून अडकलेला दिसतो. यात लाज नाही. निघण्याआधी दोन-तीन महिने कॅम्पस बोर्ड थोडा कमी करा. बेलापूरच्या किंवा मुंब्र्याच्या दगडांवर हात न वापरता स्लॅब चढा, आणि प्रत्येक प्रॉब्लेम माथ्यावर उभं राहूनच संपवा. गोल माथ्यावर तळहात दाबून अंग वर घेणं, ही तिथली रोजची भाकरी आहे.

पहिले चार दिवस ग्रेडचं पुस्तक बंद ठेवा आणि रंगीत सर्किटं करा. दगडावर रंगाने काढलेले छोटे बाण आणि आकडे दिसतात. एका रंगाचे आकडे क्रमाने करत गेलात की एक सर्किट पूर्ण होतं, त्यात चाळीस-पन्नास प्रॉब्लेम असू शकतात. पिवळा सोपा, मग नारिंगी, निळा, लाल आणि त्याहून वर काळा. काही भागांत लहान मुलांसाठी पांढरी सर्किटं आहेत, तर काही ठिकाणी पांढरा रंग सर्वांत कठीण सर्किटाचा असतो, तेव्हा रंग बघून नुसतं धावू नका. पॅरिसचे गिर्यारोहक आल्प्सच्या तयारीसाठी इथे येत. दिवसभर न थकता चालत-चढत राहण्याचा सराव व्हावा ही सर्किटांमागची गरज होती. पहिलं रंगवलेलं सर्किट १९४७ सालचं, क्युव्हिए रांपार भागातलं. गटासाठी याचा फायदा असा, की निळ्या सर्किटवर सगळे एकत्र राहतात. बलवान मित्राला पायकाम शिकायला मिळतं, नवशिकीला चढायला मिळतं, आणि कोणी कोणासाठी खोळंबत नाही.

जागा निवडताना सुरुवात त्रुआ पिन्याँ विभागातल्या रोश ओ साबो किंवा कांश ओ मेर्सिएपासून करावी. पॅड टाकायला जागा चांगली, बरेच दगड आवाक्यातले. क्यु द शिएँला जंगलाच्या मधोमध पांढऱ्या वाळूचं मैदान आहे. फ्रांशार इझातिसमध्ये सगळ्या पातळ्यांचं काम आहे. सगळ्यांत प्रसिद्ध बा क्युव्हिए. मारी रोझ हा १९४६ सालचा ६ए आणि मिशेल लिबेरने १९६० मध्ये चढलेला आबात्वार हा ७ए, दोन्ही तिथलेच. इतिहासासाठी एकदा जरूर जा. पण हजारो बुटांनी ते होल्ड आरशासारखे केलेत. तिथे स्वतःची ताकद तपासायला जाल तर उगाच मन खाईल.

दोन गोष्टींवर स्थानिक लोक फार कडक असतात आणि ते बरोबर आहेत. पहिली राळ. जुने फ्रेंच चढाईपटू कापडात राळ बांधून दगडावर आपटत, त्यामुळे दगडावर चकचकीत थर बसला. आता ती वापरू नये असाच संकेत आहे, चॉकही बेताने आणि निघताना ब्रशने पुसून. ब्रश मऊ केसांचा, तारेचा कधीच नाही. दुसरी गोष्ट ओला दगड. या वालुकाश्माला वरून कठीण कवच असतं, आतला भाग ठिसूळ. पाणी मुरलं की कवच कमजोर होतं आणि साठ-सत्तर वर्षं टिकलेला होल्ड तुमच्या हातात येतो. वरून कोरडा दिसला तरी पायथ्याची वाळू ओली असेल, दगडाला हात लावून थंड ओल जाणवत असेल, तर परत फिरा. पावसानंतर वारा लागणारी उघडी टेकाडं काही तासांत सुकतात, झाडीतले खोलगट भाग दोन दिवस घेतात. म्हणून अशा उघड्या जागांची यादी फोनवर तयार ठेवा.

कातडी हे तुमचं खरं भांडवल आहे. पहिल्या दोन दिवसांतला उत्साह तिसऱ्या दिवशी बोटांच्या टोकांवर गुलाबी चकत्या होऊन दिसतो. बोटं गुलाबी झाली, गरम लागली की थांबा, रक्त येईपर्यंत वाट बघू नका. रोज रात्री घट्टे बारीक कानसीने सपाट करा, नाहीतर तेच सोलपटून निघतात. झोपण्याआधी मलम, चढायच्या दिवशी सकाळी नाही. नखं कापलेली. बोटाच्या मुळाशी टचकन दुखलं किंवा आवाज आला तर त्या दिवशी चढाई बंद, आणि मित्रांनी ‘अरे, एकच ट्राय’ म्हणू नये. पहिल्या आठवड्यानंतर एक दिवसाआड चढणं बहुतेकांना जास्त मानवतं.

पडणं हा खेळाचा भाग आहे, वाईट पडणं नाही. झाडांची मुळं आणि दगडांमधल्या फटी आधी पॅडने झाका, मगच चढा. स्पॉटरचं काम झेलण्याचं नाही, पडणाऱ्याचं डोकं आणि पाठ पॅडकडे वळवण्याचं आहे. स्पॉटिंग करताना फोन खिशात. माथ्यावरून उतरायची वाट वर जाण्याआधी बघून ठेवा, उंच दगडांवर तीच जास्त फसवते. काही झालं तर ११२ हा क्रमांक सगळ्या युरोपात चालतो. गाडीतळाचं नाव आणि जवळच्या प्रॉब्लेमचा रंग व आकडा सांगता आला तर मदत लवकर पोचते. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात काही दिवशी शिकार चालते. तसा फलक दिसला तर त्या बाजूला जाऊच नका.

गोचीड हा तिथला दुर्लक्षित धोका. तिच्या चाव्यातून लाइम रोग होऊ शकतो. संध्याकाळी अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला तपासा. सापडली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ ओढा, तेल-बिल ओतू नका. नंतरच्या काही आठवड्यांत चाव्याभोवती लाल वर्तुळ पसरत गेलं, किंवा ताप आला, तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा, मग तुम्ही भारतात परतलेले का असेना. आपल्याकडचे डॉक्टर हा आजार क्वचितच बघतात, त्यामुळे सांगितलं नाही तर तो सुचणार नाही.

आता ते न चढण्याचे दिवस. मियी-ला-फोरेत १४७९ सालचा लाकडी बाजारमंडप आहे आणि गावाबाहेरच्या झाडीत तँगेलीने उभा केलेला ‘सिक्लोप’ हा प्रचंड लोखंडी चेहरा. बार्बिझाँला मिले आणि त्याचे चित्रकार मित्र राहायचे. त्यांच्या आग्रहामुळे १८६१ साली जंगलाचा मोठा तुकडा कलाकारांसाठी राखीव ठेवला गेला, आणि ज्या वेड्यावाकड्या दगडांवर तुम्ही लटकता ते त्यांच्या चित्रांत आधीच येऊन गेलेत. फॉन्तेनब्लोचा राजवाडा पाहायला अर्धा दिवस लागतो. विश्रांतीच्या दिवशी दहा किलोमीटर चालू नका. पॅरिसच्या रस्त्यांवर दिवसभर फिरून आलात तर दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत, तेव्हा पॅरिस विश्रांतीच्या सलग दोन दिवसांत ठेवा.

शेवटच्या आठवड्यात नवा प्रोजेक्ट घेऊ नका. आधी हात लावलेले, थोडक्यात सुटलेले प्रॉब्लेम घ्या, आणि शेवटचे दोन दिवस हवा ज्याला साथ देईल त्याला आधी चढू द्या. पॅड शुक्रवारी संध्याकाळीच परत करा. शनिवारी सकाळी घर सोडताना घरमालक भांडी मोजतो, खोल्या बघतो आणि त्यानंतरच अनामत परत करतो. प्रत्येकाच्या बुटांतून, बॅगेतून, पॅडमधून आलेली वाळू कोपऱ्याकोपऱ्यांत साठलेली असते, तेव्हा आदल्या रात्री व्हॅक्यूम फिरवायची पाळी कोणाची हे चिठ्ठ्या टाकून ठरवा.